आठवीतल्या मुलाला पृथ्वीचं वय काय सांगू?

वाचकाचं पत्र

सलाम. मी शाळेत मराठी शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये सातवी-आठवीचा वर्ग घेते. गेल्या महिन्यात तरुण संघाच्या सभेला बाहेरून एक वक्ते आले होते. पृथ्वी फक्त सहा हजार वर्षांची आहे, विज्ञानाच्या पुस्तकातलं वय म्हणजे माणसाची कल्पना, असं त्यांनी सांगितलं. शाळेत कोणी कोट्यवधी वर्षं म्हणालं तर ‘तुम्ही तिथे होतात का?’ असं विचारा, हेही शिकवलं. माझ्या वर्गातल्या आठवीच्या एका मुलाने विज्ञानाच्या सरांना खरंच तसं विचारलं. सर रागावले नाहीत, त्यांनी त्याला नीट समजावलं. पुढच्या रविवारी तो मला म्हणाला, “टीचर, मग खोटं कोण बोलतंय? सर की बायबल?” मी ‘नंतर बोलू’ म्हणाले. माझे मोठे दीर चर्चचे पंच आहेत. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली हे अक्षरशः मान्य नसेल तर वर्ग सोड, असं ते म्हणतात. माझा देवावर आणि पवित्र शास्त्रावर पूर्ण विश्वास आहे, पण मुलाला जे मला खरं वाटत नाही ते सांगवत नाही. काय करू?

– एक शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर

प्रिय ताई, सलाम.

मुलाला येत्या रविवारीच सांगा की सर खोटं बोलत नाहीत आणि बायबलही खोटं बोलत नाही. पृथ्वी खरोखर जुनी आहे, सुमारे ४५४ कोटी वर्षांची. आणि पृथ्वीच्या वयाचा आकडा बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात नाही, अख्ख्या पवित्र शास्त्रात कुठेही नाही. एवढं तरी लगेच सांगा, कारण ‘नंतर बोलू’ याचा अर्थ या वयातली मुलं स्वतःच लावतात. टीचरना भीती वाटते, असा.

मग सहा हजार आले कुठून? वंशावळींच्या बेरजेतून. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आदाम १३० वर्षांचा असताना शेथ झाला, शेथ १०५ वर्षांचा असताना अनोश झाला, अशी यादी आहे. ती अब्राहामापर्यंत आणि पुढे राजांच्या काळापर्यंत जोडत नेली की एक आकडा मिळतो. आयर्लंडमधले आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये हीच बेरीज फार कष्टाने केली आणि सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये, २३ ऑक्टोबरच्या सुमारास ठरवला. अशर मोठे विद्वान होते, त्यांना वेड्यात काढायचं कारण नाही. पण १७०१ पासून त्यांची वर्षं इंग्रजी बायबलच्या समासात छापली जाऊ लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचणाऱ्यांना तो समासही वचनाइतकाच पवित्र वाटू लागला. भाऊजींशी बोलाल तेव्हा हे जरूर सांगा. ते ज्याचं रक्षण करताहेत तो देवाचा शब्द नाही, एका माणसाने केलेली बेरीज आहे.

ती बेरीजही एक नाही. प्रेषितांच्या काळात ज्या ग्रीक भाषांतराचा वापर होता त्यात शेथ झाला तेव्हा आदामाचं वय २३० आहे. त्या आकड्यांवरून बायझंटाइन मंडळीने सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ५५०९ धरला. यहुदी पंचांग ३७६१ धरतं. शिवाय पवित्र शास्त्रातल्या वंशावळी मधली नावं गाळतात. मत्तय १:८ मध्ये योरामानंतर थेट उज्जिया येतो; अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे तिथे नाहीत. मत्तयाने चूक केली असं कोणी म्हणत नाही, वंशावळ लिहायची ती रीतच होती. प्रिन्स्टनचे विल्यम हेन्री ग्रीन हे जुन्या कराराचे अत्यंत सनातनी विचारांचे अभ्यासक. त्यांनी १८९० मध्ये स्पष्ट लिहिलं की या याद्या जगाचं वय काढण्यासाठी दिलेल्याच नाहीत.

‘जुनी पृथ्वी मानणारे लोक डार्विनला घाबरून बदलले’ असंही कदाचित तुमच्या कानावर येईल. ते तसं नाही. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो, मग पहिले तीन दिवस, त्यांची संध्याकाळ आणि सकाळ, हे अक्षरशः कसं घ्यायचं, असा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारला होता. मंडळीचा थोर आचार्य ऑगस्टीन याने तर उत्पत्तीवर पुन्हा पुन्हा लिहिलं. देवाने सगळं एका क्षणात निर्माण केलं आणि हे दिवस आपल्या दिवसांसारखे नाहीत, असं त्याचं मत झालं. (जगाचं वय मात्र त्यालाही सहा हजारांच्या आतच वाटत होतं, हे लपवायला नको.) उत्पत्तीवरच्या त्याच्या पुस्तकात त्याने एक इशारा देऊन ठेवला आहे, जो मला आज फार महत्त्वाचा वाटतो. पृथ्वी, आकाश, तारे यांबद्दल अविश्वासी माणसालाही अनुभवाने आणि तर्काने बरंच कळतं. अशा विषयांवर ख्रिस्ती माणूस शास्त्राचं नाव घेऊन चुकीचं बोलू लागला, तर ऐकणारे पुनरुत्थानाबद्दल आणि सार्वकालिक जीवनाबद्दल त्याच्यावर विश्वास का ठेवतील? हे लिहिलं गेलं पाचव्या शतकात, भूगर्भशास्त्राचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी. तुमच्या विद्यार्थ्याने सरांसमोर उभं राहून जो प्रश्न विचारला, त्या प्रसंगाचीच काळजी ऑगस्टीनला होती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चौथ्या शतकातले बिशप, कैसरियाचा बासिल, यांनी चोवीस तासांचे दिवस मानले. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने मानले. कॅल्व्हिननेही मानले, पण त्याने एक गोष्ट जोडली: मोशे सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसतं त्या भाषेत बोलतो, चंद्रापेक्षा शनी मोठा आहे हे खगोलशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं असेल तर त्याने मोशे खोटा ठरत नाही, आणि ज्याला खगोलशास्त्र शिकायचं आहे त्याने ते दुसरीकडे शिकावं. तेव्हा भाऊजींचं मत आजचं किंवा अडाणीपणाचं नाही, त्याला मोठी परंपरा आहे. तसं त्यांना वाटू देऊ नका.

आता आपल्या जवळची एक गोष्ट. स्कॉटलंडचे थॉमस चाल्मर्स, जे पुढे तिथल्या फ्री चर्चचे पहिले मॉडरेटर (सभाध्यक्ष) झाले, त्यांनी १८१४ मध्येच सांगितलं होतं की उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये कितीही मोठा काळ असू शकतो. त्याच फ्री चर्चचे ह्यू मिलर, दगड फोडण्याच्या कामातून भूगर्भशास्त्रात आलेले, एकेक दिवस म्हणजे एकेक दीर्घ युग असं मांडत होते. आणि त्याच चर्चने पाठवलेले स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. प्रचारासाठी गावोगाव फिरताना ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर दगड बघत, जीवाश्म गोळा करत. नागपूरजवळ दोन लाव्हांच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष मिळाले. त्यांनी ते लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सोसायटीला कळवले, त्यावर निबंध लिहिले. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला. शेवटपर्यंत ते मिशनरीच होते. सकाळी सुवार्ता आणि दुपारी जीवाश्म, यात त्यांना विश्वासघात दिसला नाही. आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात असा माणूस आहे आणि आपल्या मुलांना तो माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन लाव्हांच्या मधली ती गोगलगाय वर्गात सांगा. आधी लाव्हा वाहिला, थंड झाला. त्याच्यावर तळं साचलं. तळ्यात गोगलगाई जगल्या, पिढ्यान्‌पिढ्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि तळं दडपलं गेलं. असे थर एकावर एक. तुमच्या जिल्ह्यातला काळा पाषाण तोच आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे बऱ्याच ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मध्ये वीटकरी पट्टा दिसतो, तो त्या मधल्या काळाची खूण. मुलं सहलीला जातात तेव्हा दाखवा.

वर्षांचा आकडा काढला कसा, हे मुलं विचारतील. युरेनियम ठरावीक गतीने शिसं होत जातं. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचा अर्धा भाग बदलायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. खडकात दोन्ही किती आहेत ते मोजलं की वय मिळतं. क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशावरून १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं; नंतरच्या मोजण्यांनी ते फारसं हललं नाही. ही एकच पद्धत असती तर शंकेला जागा होती. पण ग्रीनलंडच्या बर्फात वर्षावर्षाचे थर मोजत साठ हजार वर्षं मागे जाता येतं. त्यात युरेनियमचा संबंध नाही, नुसती मोजणी आहे, आणि सहा हजार तिथेच ओलांडले जातात. डिसेंबरच्या अमावास्येला गावाबाहेर अंधारात देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसटशी दिसते. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

यावर भाऊजी म्हणतील की देवाने सृष्टी मुळात जुनी दिसेल अशीच निर्माण केली, प्रकाश वाटेत असतानाच घडवला. फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५७ मध्ये हेच मांडलं. त्याचे मित्र पाळक चार्ल्स किंग्सली यांना ते सहन झालं नाही, कारण मग देवाने खडकांवर एक प्रचंड असत्य लिहून ठेवलं असं मानावं लागतं. मला किंग्सलींचं पटतं. आकाश देवाचा महिमा वर्णितं असं एकोणिसावं स्तोत्र म्हणतं. जे कधी घडलंच नाही त्याची साक्ष ते कसं देईल?

एवढं सगळं सांगूनही, उत्पत्तीला विज्ञानाच्या पुस्तकाशी जुळवून दाखवण्याचा मोह मात्र टाळा. ‘दिवस म्हणजे युग’ हे उत्तर सोपं वाटतं, देवाला हजार वर्षं एका दिवसासारखी असं सांगणारं स्तोत्र ९० आणि पेत्राचं दुसरं पत्र हाताशी असतंच. पण ते उत्तर टिकत नाही. झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. पक्षी पाचव्या दिवशी आणि जमिनीवरचे प्राणी सहाव्या. युगं म्हटलं तरी क्रम जुळत नाही, आणि आठवीतलं हुशार मूल ते दोन मिनिटांत दाखवून देईल. दोन वचनांमधल्या मोठ्या खंडाचं चाल्मर्सांचं मत १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमुळे जगभर पसरलं, पण तो खंड मजकुरात दिसत नाही, आपण तिथे घालतो.

मग वाचायचं कसं? फळ्यावर दोन रकाने काढा. पहिला दिवस, प्रकाश. समोर चौथा, ज्योती. दुसरा दिवस, आकाश आणि जल. समोर पाचवा, पक्षी आणि मासे. तिसरा दिवस, कोरडी भूमी. समोर सहावा, पशू आणि माणूस. आधी तीन दिवस जागा तयार होतात, पुढचे तीन दिवस त्या भरतात. मुलांना ही रचना एकदा दिसली की विसरत नाहीत. विसाव्या शतकात मेरेडिथ क्लाइन आणि इतर सनातनी अभ्यासकांनी हे वाचन पुढे नेलं. त्यांच्या मते हा आठवडा म्हणजे सांगण्याची चौकट आहे, घड्याळाचा हिशेब नाही. सातव्या दिवशी तर ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ हे शब्दच नाहीत.

आणि मग विचारा, चौथ्या दिवशी सूर्याला सूर्य आणि चंद्राला चंद्र का म्हटलेलं नाही? नुसत्या दोन मोठ्या ज्योती. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) आणि मिसरात (इजिप्तमध्ये) ते देव होते, त्यांच्यापुढे राजे लवत. इथे ते देवाने टांगलेले दिवे आहेत. बाबेलच्या कथेत एका मारलेल्या देवाच्या रक्तापासून माणूस होतो, तोही देवांची कष्टाची कामं करायला. इथे माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, नर आणि नारी दोघंही. ताई, अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये अहमदनगरला आलं. पुढे त्या मंडळीत आलेल्या कितीतरी कुटुंबांना गावकुसाबाहेर ठेवलं गेलं होतं, सावलीसुद्धा टाळली जात होती. त्या माणसांनी उत्पत्ती १:२७ ऐकलं तेव्हा त्यांच्या हाती काय आलं असेल, याचा विचार करा. या अध्यायात एवढं ठेवलेलं असताना आपण मुलांना त्यातून एक तारीख काढून देतोय.

भाऊजींच्या मनात खरी काळजी बहुधा आकड्याची नाही. ती रोमकरांस पत्र ५:१२ ची आहे: पापामुळे मरण जगात आलं, तर आदामाच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत कसे होते? हा प्रश्न गंभीर आहे, त्याला हसून टाळू नका. पण पौल तिथे मरण सर्व माणसांमध्ये पसरलं असं म्हणतो, सिंहाच्या भक्ष्याबद्दल बोलत नाही. आणि १०४ व्या स्तोत्रात तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जतात ते देवाजवळ आपलं अन्न मागत. तिथे त्याला शाप म्हटलेलं नाही, देवाच्या कृत्यांच्या स्तुतीतच ते येतं. निर्गम २० मध्ये शब्बाथाचं, म्हणजे सातव्या दिवशीच्या विसाव्याचं, कारण म्हणून सहा दिवस दिलेत, हाही त्यांचा बळकट मुद्दा आहे. तेव्हा त्यांना तीच आज्ञा अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात काढायला सांगा. तिथे कारण वेगळं आहे, मिसरातली सुटका. शब्बाथ दोन्हीकडे उभा राहतो. आदाम कोण होता, हा याच्या पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न आहे. त्यावर पोप पायस बारावे यांनी १९५० च्या परिपत्रकात जपून लिहिलं आणि आपल्या प्रोटेस्टंट अभ्यासकांतही आजवर एकमत नाही. तो या वर्गात आणू नका.

अजून एक गोष्ट भाऊजींना बहुतेक कोणी सांगितली नसेल. १९२५ मध्ये अमेरिकेत डेटन गावी उत्क्रांती शिकवण्यावरून गाजलेला खटला झाला. त्यात बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही साक्षीत मान्य केलं की ते दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असं नाही. वक्त्यांनी तुमच्याकडे जे मांडलं त्यामागचं मत, म्हणजे सगळे खडक आणि जीवाश्म नोहाच्या जलप्रलयाने झाले आणि पृथ्वी काही हजार वर्षांची, ते इव्हँजेलिकल मंडळ्यांत जोरात पसरलं ते १९६१ मध्ये व्हिटकोम्ब आणि मॉरिस यांचं पुस्तक आल्यानंतर. आपल्या आजोबांचे पाळक ते शिकवत असतीलच असं नाही.

‘तुम्ही तिथे होतात का?’ या प्रश्नाचं काय करायचं? तो ईयोबाच्या ३८ व्या अध्यायातला आहे. देव ईयोबाला विचारतो: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? विचारणारा देव आहे आणि ऐकणारी आपण सगळी माणसं, सरांइतकेच वक्तेही, मीही. तो एका मुलाच्या हाती देऊन त्याच्या शिक्षकांवर रोखणं मला बरं वाटलं नाही. त्या मुलाला कमीपणा न येऊ देता सरांना भेटायला सांगा. त्यांनी शांतपणे समजावलं, त्याबद्दल त्याने आभार मानले तर चांगलंच.

वर्ग सोडू नका. प्रेषितांच्या मतांगीकारात आपण आकाश व पृथ्वी यांच्या निर्माणकर्त्यावर विश्वास ठेवतो असं म्हणतो, वर्षांवर नाही. तुम्ही तो मनापासून म्हणता, म्हणजे शिकवायला तुम्ही पात्र आहात. पण हे भांडण घरात जेवताना काढू नका, जावेला मध्ये घालू नका. आधी एकट्या पाळकसाहेबांना भेटा, काय शिकवणार आहात ते कागदावर लिहून न्या. पंचांच्या सभेत विषय निघालाच तर त्यांनी तो मांडलेला बरा. भाऊजींना वर्गात येऊन मागे बसायचं आमंत्रण द्या. त्यांचं मतही मुलांपुढे आदराने सांगा: बासिल आणि ल्यूथर असं मानत, आपल्या चर्चमधले काही जण असं मानतात, मला तसं वाटत नाही, आणि आम्ही एकाच भाकरीत वाटेकरी आहोत. पाळकसाहेबांनीही नाही म्हटलं, तर काही महिने दुसरा पाठ घ्या, पण जे खरं वाटत नाही ते शिकवायला कबूल होऊ नका.

पहिल्या रविवारी एवढंच पुरे: उत्पत्ती १ मोठ्याने वाचा, फळ्यावरचे दोन रकाने मुलांकडूनच भरून घ्या, आणि लगेच स्तोत्र १०४ आळीपाळीने एकेक वचन वाचायला लावा. त्या मुलाला सिंहाचं वचन, एकविसावं, द्या. हिस्लॉप दुसऱ्या रविवारी. जमलं तर एक काळा दगड घेऊन जा.